तांडेलाची गोळी आणि बोटीचा वाटा

आमच्या उपनगरांत ‘मला इस्नोफिल आहेत’ असं सांगणारा माणूस दर बिल्डिंगमध्ये एक तरी सापडतो. जसं कोणाला मधुमेह असतो, तसे याला ‘इस्नोफिल’. सकाळी शिंका, रात्री खोकला, पंख्याखाली झोपलं की नाक बंद. मग कोणीतरी रक्त तपासायला सांगतं, रिपोर्टवर इओसिनोफिल्सच्या आकड्यापुढे काळी फुली दिसते, आणि माणूस जन्मभराची ओळख मिळाल्यासारखा ती फुली घेऊन फिरतो. अंधेरीच्या दवाखान्यात मी छातीच्या विकारांची डॉक्टर म्हणून बसले, तेव्हापासून अशा फुल्या बघत आले. आता दवाखाना आठवड्यातून दोनच सकाळी उघडते, पण फुल्या काही कमी झाल्या नाहीत.

हे इओसिनोफिल म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. रक्तात पांढऱ्या पेशी असतात, त्यातलीच ही एक जात. शंभरात पाच-सहा असल्या तर कोणी विचारत नाही. त्यांचं मूळ काम पोटातल्या जंतांशी लढायचं. पण सोसायटीच्या नव्या वॉचमनसारखं त्यांचं आहे. चोराला हाकलायचं सोडून कधीकधी घरच्याच पाहुण्यांवर काठी उगारतात. मग धूळ आली, मांजर आलं, कबुतराचं पीस आलं की धावल्याच. बहुतेकांची ही धावाधाव नाकात आणि छातीत थांबते. पण एखाद्याच्या बाबतीत त्यांची संख्या इतकी वाढते की त्या फुफ्फुसात, हृदयात, नसांमध्ये शिरतात आणि तिथे नासधूस करतात. त्यांना आवरायला आमच्याकडे जुनं, स्वस्त आणि दांडगं औषध आहे, ते म्हणजे स्टिरॉइड.

या एका शब्दाने मी आयुष्यात जेवढी माणसं घाबरलेली पाहिली, तेवढी ऑपरेशनच्या नावानेही पाहिली नाहीत. मुलुंडचे एक निवृत्त बँकवाले काका होते. दम्याने बेजार. चार दिवस गोळ्या घेतल्या, पाचव्या दिवशी बायकोला घेऊन टिटवाळ्याला जाऊन आले, आणि आल्यावर गोळ्या बंद. “मॅडम, बरं वाटलं ना! उगाच विष कशाला पोटात?” असं म्हणाले ते मला, ऑक्सिजनच्या मास्कमधून. मी तापट आहे असं पेशंट म्हणतात, ते खरं आहे. “काका,” मी म्हटलं, “पूल अर्धा ओलांडला की उडी मारायची असते का?” ते हसले आणि त्यांना पुन्हा खोकल्याची उबळ आली.

आणि दुसऱ्या टोकाला घाटकोपरच्या एक आजी. त्यांना कोणीतरी कधीकाळी संधिवातासाठी ही गोळी लिहून दिली होती. तिने अंग हलकं झालं, भूक लागली, मग काय! गुडघा दुखला घे गोळी, सुनेशी भांडण झालं घे गोळी. केमिस्टही विचारत नव्हता. माझ्याकडे आल्या तेव्हा चेहरा पुरीसारखा टम्म फुगलेला आणि मणक्याचं हाड साध्या शिंकेने मोडलेलं. “पण डॉक्टर, ही गोळी फार गुणाची हो,” असं त्या कण्हत कण्हत सांगत होत्या. गुणाची आहेच. तोच तर घोळ आहे. या औषधाचा राग धरावा तर ते जीव वाचवतं आणि प्रेम करावं तर हाडं खातं. माझा सगळा धंदा या दोन टोकांच्या मधून चालत गेला.

पण ज्याच्यासाठी हे लिहायला बसले, तो माणूस ना घाबरला ना लाडावला. त्याने तिसरंच काहीतरी केलं, आणि ते वेसाव्याच्या, म्हणजे वर्सोव्याच्या, कोळ्याशिवाय दुसऱ्या कोणाला सुचलं नसतं.

त्याचं नाव नामदेव, आणि तो तांडेल, म्हणजे बोटीचा कप्तान. पन्नाशीचा, काळा, रुंद, बोलायला कंजूस. त्याला दम्याचा त्रास जुना होता, नाकात मांस वाढलेलं होतं, पण तो कधी दवाखान्यात आला नव्हता. त्याला आणलं त्याच्या बायकोने, जयवंतीने. ती बाजारात मासळी विकते, आणि तिचा आवाज माझ्या दवाखान्याच्या दोन दारांपलीकडून ऐकू येतो.

“डॉक्टरीनबाय, यांच्या पायातली चप्पल मागं रवते ना यांना कलत नाय! मी मागून वरडते, ओ, चप्पल! तर हे पुढंच.”

मी पेन खाली ठेवलं. दम्याच्या माणसाची चप्पल नकळत गळते, हे वाक्य डॉक्टरच्या कानाला सायरनसारखं लागतं. मी नामदेवला म्हटलं, पाऊल वर उचल. डावं उचललं. उजवं लोंबतच राहिलं. पायाची नस गेली होती. रक्त तपासलं, तर शंभर पांढऱ्या पेशींमधल्या जवळजवळ निम्म्या इओसिनोफिल. लॅबवाल्यांनी मला फोन करून विचारलं, “मॅडम, नमुना बदलला नाही ना?” बदलला नव्हता. बारीक रक्तवाहिन्यांना सूज आणणारा एक आजार आहे, दम्याच्या वेषात येतो आणि वेळीच ओळखला नाही तर पायावरून हृदयावर जातो. नामदेवच्या हृदयाची तपासणी अजून स्वच्छ होती. म्हणजे आमच्या हातात वेळ होता, पण फार नाही.

स्टिरॉइड सुरू करण्याआधी मी नेहमी शौचाची तपासणी करते आणि जंतांचं औषध देते. पेशंट तोंड वाकडं करतात. पण आतड्यात एका जातीचा बारीक जंत वर्षानुवर्षं गुपचूप राहू शकतो, आणि स्टिरॉइडने अंगाची राखण झोपवली की तो मोकाट सुटून फुफ्फुसात, मेंदूत, कुठेही जातो. वॉचमन कितीही आगाऊ असला तरी चोर घरात असताना त्याला झोपवायचं नसतं. नामदेवची ही तपासणी स्वच्छ निघाली. मग मोठा डोस सुरू केला, जोडीला दुसरं औषध दिलं. महिन्याभरात दम बसला, रक्तातले आकडे खाली आले, पाऊल हळूहळू उचलायला लागलं. चेहरा मात्र गोल झाला. बाजारातल्या बायका जयवंतीला चिडवायच्या, “काय गो, नवऱ्याला काय चारतंस, पापलेट का?”

मग मी त्याला समोर बसवून समजावलं. आपल्या मूत्रपिंडांवर छोट्या ग्रंथी असतात, त्या रोज थोडं स्टिरॉइड घरच्या घरी बनवतात. बाहेरून गोळी यायला लागली की त्या स्वस्थ बसतात. घरी डबा लावला की चूल थंड पडते तसं. आता डबेवाल्याने अचानक दांडी मारली, तर थंड चूल लगेच कुठली पेटायला? माणूस उपाशी. “म्हणून ही गोळी एकदम कधीच बंद करायची नाही. मी कमी करीन, बोटभर बोटभर. आणि ताप आला, उलट्या झाल्या, अंगावर मोठं संकट आलं, तर त्या दिवशी दुप्पट घ्यायची. कळलं?”

“कलला,” नामदेव म्हणाला. आणि लगेच, “मंग मी नारली पुनवेनंतर जाव ना?”

त्याच्यासाठी सगळा प्रश्न तोच होता. बोट त्याच्या बापाच्या वेळेपासूनची, पुन्हा पुन्हा बांधून नवी केलेली. धाकटा भाऊ विमानतळावर नोकरीला लागला होता. घरात तांडेलकी करणारा दुसरा नव्हता. हंगाम सुरू होताना बोट किनाऱ्यावर बसली असती तर खलाशी दुसऱ्या बोटीवर गेले असते, आणि एकदा फुटलेला मेळ पुन्हा जमत नाही. बिनमाणसांची बोट मग कोणीतरी लाकडाच्या भावाने मागतो. जयवंतीला तो जायला नको होता. मलाही नको होता. दिवसचे दिवस किनारा दिसत नाही तिथे, डॉक्टर कुठला? पण त्याला घरी बसवून मी काय वाचवणार होते? त्याच्या बुटात पाऊल सावरणारी पट्टी बसवून घेतली, लागतील त्याहून बऱ्याच जास्त गोळ्या दिल्या, त्या पाणी जाणार नाही अशा डब्यात भरायला लावल्या. जयवंतीने डब्याला लाल फडकं बांधलं. “रोज सकाली भाकर खाल्ल्यावर,” तिने त्याला सगळ्या वेटिंग रूमदेखत बजावलं, “नायतर याद राखा!”

पहिल्या फेऱ्या बऱ्या गेल्या. मग एका दुपारी जयवंती रिक्षातून त्याला माझ्या दारात घेऊन आली, आणि त्या वेळी तिचा आवाज मुळीच ऐकू आला नाही. मी त्यावरूनच घाबरले. नामदेव रिक्षात आडवा पडलेला, ओठ कोरडे, घाम, उलट्या थांबत नाहीत, उठवलं की डोळ्यांपुढे अंधार. किनाऱ्यावरच्या कोणी म्हटलं उन्हाने, कोणी म्हटलं शिळं खाल्लं. रक्तदाब इतका खाली की मशीनने आधी आकडाच दाखवला नाही. चूल विझली होती. गल्लीच्या टोकाच्या नर्सिंग होममध्ये नेऊन सलाईन आणि शिरेतून स्टिरॉइड सुरू केलं. अशा वेळी हे औषध काय करतं ते ज्याने पाहिलंय त्यालाच ठाऊक. संध्याकाळपर्यंत माणूस उठून बसला आणि चहा मागायला लागला.

मग मी विचारलं, “गोळ्या कुठे गेल्या?”

तो भिंतीकडे बघायला लागला.

“समुद्रात टाकल्या? विसरलास? डबा पडला? अरे बोल ना!”

जयवंतीने डबा आणला. लाल फडकं जागच्या जागी, डबा रिकामा. एवढ्या गोळ्या संपणं शक्यच नव्हतं. “यांनी टाकल्या,” ती रडत म्हणाली. “यांना मरायचाच हाय. माजा काय, मी रवते मागं चपलेसारखी!” एवढा राग मला क्वचितच आला असेल. एवढं करून, एवढं समजावून, वाट लावली की नाही याने!

दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सिंग होमच्या दारात एक माणूस उभा. चाळिशीचा, हडकुळा, मालवणकडचा. नामदेवच्या बोटीवरचा जुना खलाशी, गणपत. आत येईना.

“बाईनू,” तो म्हणाला, “तांडेलाक बोलू नकात. गोळये आमी खाल्ले.”

मग सगळं बाहेर आलं. खोल समुद्रात गणपतला दम लागला. बरेच दिवसांचा खोकला होताच, तो वाढला, छातीतून शिट्ट्या वाजायला लागल्या, आडवं होता येईना. नामदेवला तो दम ओळखीचा. त्याने लाल फडकं सोडलं आणि त्याला गोळ्या दिल्या, स्वतःला सुरुवातीला मिळाल्या होत्या तशा, मूठभर. गणपतला दोन दिवसांत उतार पडला. ते बघून दुसरा एक खलाशी म्हणाला, माझीही छाती भरलीये. त्यालाही दिल्या. वारा खराब म्हणून फेरी लांबली, डबा संपला. ‘माझी गोळी संपली’ हे तांडेल कोणालाच बोलला नाही.

मी नामदेवच्या खाटेशी गेले. “तुला शहाणपणा कोणी शिकवला रे?”

तेव्हा तो पहिल्यांदा नीट बोलला. “बोटीवर भाकर वाटून खातंव. पानी वाटून पितंव. जे गावल त्याचे वाटे करतंव. त्याला दम लागला, माज्या डब्यात औषद हाय, आन मी एकटा खाव? त्याच्या म्होरं? कनच्या तोंडानं?”

आम्हाला कॉलेजात शिकवतात की औषध पेशंटचं असतं. त्याच्या बोटीवर एकट्याचं असं काही नसतंच.

गणपतला मी तिथेच धरून ठेवलं आणि तपासलं. त्याचेही इओसिनोफिल भलतेच वाढलेले. आता कोणीही म्हणेल, दोघांना एकच रोग, एकच गोळी, तांडेलाचं काय चुकलं? पण शौचाच्या तपासणीत तोच चोर सापडला, तोच गुपचूप राहणारा जंत. गणपतचा वॉचमन वेडा झाला नव्हता, तो खऱ्या चोरामागे धावत होता. नामदेवने मायेने दिलेल्या गोळ्यांनी दम बसला खरा, पण आणखी काही दिवस त्या चालू राहिल्या असत्या, तर जंत अंगभर पसरून गणपत बोटीवरच संपला असता. देवाची कृपा की डबा रिकामा झाला! ज्यामुळे एक मरायला टेकला, त्यामुळेच दुसरा वाचला. जंताचं साधं औषध घेऊन गणपत महिन्याभरात ठणठणीत झाला. दुसऱ्या खलाशाला नुसती सर्दी होती.

रिपोर्ट आला त्याच दिवशी मी हे गणपतसमोर सांगितलं, तेव्हा नामदेवचा चेहरा उतरला. गणपतकडे बघवेना त्याला. पण मला त्याचा चेहरा उतरवायचा नव्हता, पुढची फेरी वाचवायची होती. ‘पुन्हा वाटायच्या नाहीत’ असं मी हजारदा बजावलं असतं तरी समोर कोणी धापा टाकायला लागल्यावर त्याने डबा उघडलाच असता, हे मला दिसत होतं. हुकूम देऊन त्याचा धर्म बदलणार नव्हता. मग विचारलं, “तांडेल, मासळीचे वाटे कसे पडतात?”

तो चक्रावला. “तांडेलाचा, खलाशांचा…”

“आणि?”

“यक बोटीचा.”

वेसाव्यात आता बऱ्याच बोटींवर पगार असतो, पण त्याच्या बोटीवर जुनी रीत होती. माणसांबरोबर बोटीचाही एक वाटा काढायचा, तिच्या डागडुजीचा, जाळ्याचा, इंजिनाचा.

“एखाद्या खलाशाच्या घरी अडचण आली, तर बोटीचा वाटा मोडून त्याला देतोस?”

“छ्या! मी माज्या वाट्यातला दीन. बोटीच्या वाट्याला कोन हात लावत नाय. बोट फुटली तर सगलीच गेली.”

“मग ती लाल फडक्यातली गोळी तुझा वाटा नाही. तो बोटीचा वाटा आहे. तू आडवा झालास तर ही सगळी परत कशी येणार?”

नामदेव गणपतकडे वळला आणि म्हणाला, “आयकलास?” गणपतने मान हलवली. आणि मी जन्मात पहिल्यांदा, एका माणसाच्या औषधाचे नियम दोघांना बसवून शिकवले. रोज सकाळी एक. एकदम बंद नाही. ताप, उलटी, संकट, त्या दिवशी दुप्पट. दुसऱ्याला दम लागला तर त्याला किनाऱ्यावर आणायचं, हा डबा उघडायचा नाही. गणपत प्रत्येक वाक्याला ‘व्हय’ म्हणत होता.

पुढे वर्षभर नामदेव वेळेवर यायचा. डोस उतरत उतरत अगदी लहान गोळीवर आला. ती पुरती बंद करायला त्याच्या ग्रंथी तयार होईनात. आता या आजाराला नवी इंजेक्शनं आली आहेत, स्टिरॉइड कमी करता येतं, पण सगळ्यांना ती परवडत नाहीत, आणि माझ्या पहिल्या पेशंटांच्या नशिबी ती नव्हती. नामदेवच्या डोळ्यांत मोतीबिंदू धरला, तो स्टिरॉइडनेच. हा त्या औषधाचा कर, ते वसूल करतंच. तो म्हणाला, “जाव दे, चप्पल तर पायात हाय.”

मग पुढच्या हंगामात बोटीचं इंजिन भर समुद्रात बंद पडलं. वायरलेसवरून निरोप किनाऱ्याला आला, तेव्हापासून जयवंती बाजारात गेली नाही. ती माझ्या दवाखान्यात येऊन बाकावर बसायची. तपासायचं काही नव्हतं. नुसती बसायची. “डॉक्टरीनबाय, गोली असल ना?” एवढंच विचारायची. मी म्हणायचे, असेल गं. आत जाऊन मीही देवाचं नाव घ्यायचे, आणि मी काही देवभोळी नाही.

शेवटी गावातल्याच दुसऱ्या बोटीने त्यांना ओढत आणलं. नामदेव थेट माझ्याकडे आला, आपल्या पायांनी. ओठ फुटलेले, गाल बसलेले. मी आधी रक्तदाब घेतला. ठीक होता. दोनदा घेतला, माझा विश्वास बसेना. त्याच्या मागे गणपत, काखेत लाल फडक्याचा डबा.

बोट भरकटत असताना नामदेवला सणसणून ताप भरला होता. प्यायचं पाणी संपत आलेलं, प्रत्येकाला मोजका घोट. गोळी गिळायला, ताप उतरवायला तेवढ्याने भागेना. नामदेव शुद्धीत-बेशुद्धीत. अशा वेळी सकाळी गणपत डबा उघडायचा, एकीऐवजी दोन गोळ्या काढायचा, त्याचं डोकं मांडीवर घ्यायचा आणि स्वतःच्या वाट्याचं पाणी त्याच्या तोंडात घालायचा. हे नामदेवला कळलं ते नंतर, दुसऱ्या खलाशांकडून. गणपतचे ओठ तर नामदेवपेक्षाही वाईट फुटले होते.

“अरे, तू पाणी प्यायला नाहीस?” मी त्याच्यावरच ओरडले. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी ते पुसलंही नाही.

गणपतला त्यात विशेष काय ते कळलंच नाही. त्याने डबा माझ्या टेबलावर ठेवला, फडक्याची गाठ सोडून उरलेल्या गोळ्या मला दाखवल्या आणि म्हणाला, “पाणी माज्या वाट्याचा होता, बाईनू. गोळी बोटीची.”